तार कुठली, पोस्टकार्ड कुठलं

बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत राहणाऱ्या माणसाने सकाळी उठून ठरवलं, की आज फोन कपाटात ठेवायचा, तर नाश्ता होईपर्यंतच त्याची पंचाईत होते. घरकामाच्या बाई गेटमधून आत आल्याची नोंद सोसायटीच्या अ‍ॅपवर. पार्सलवाल्या मुलाला वर सोडायचं का, हे रखवालदार विचारतो तेही अ‍ॅपवरूनच. शाळेची बस कुठवर आली, उद्या कुठली वही न्यायची, बँकेचा ओटीपी, ऑफिसच्या लॅपटॉपवर लॉगिन करताना लागणारी दुसरी खातरजमा, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचे पैसे, सगळं त्या एका यंत्रात. सोसायट्यांच्या गेटसाठीचं मायगेट हे अ‍ॅप २०१६ मध्ये याच बंगळुरूत सुरू झालं. यूपीआयही त्याच वर्षी आलं. ज्यांच्यावाचून आज पान हलत नाही त्या सवयी अजून एका पिढीच्याही झालेल्या नाहीत.

गावाचं वय मात्र मोठं आहे. १८८२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर, डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने, युरेशियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांनी शेती करून राहावं म्हणून ही वस्ती वसवली. इनर सर्कलच्या भोवती त्या काळच्या काही खुणा अजून दिसतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आयटी पार्क उभा राहिला आणि शेतीच्या गावात कचेऱ्यांचे मनोरे आले. आज इथल्या हजारो घरांचा पगार फोनमध्ये चालणाऱ्या गोष्टी तयार करण्यातून येतो. फोन कमी करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न म्हणूनच इथे विचारून पाहण्यासारखा आहे.

इथे तो एका मामा-भाचीच्या तोंडी घातला आहे. भाची चाळिशीच्या उंबरठ्यावरची, एका सॉफ्टवेअर कंपनीत डिझाइनचं काम करणारी. नवरा आणि दहा वर्षांचा मुलगा. मामा विट्याचे, टपाल खात्यातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, मामी गेल्यापासून एकटे, आदल्याच दिवशी भाचीकडे आलेले. दोघांची नावं सांगायची गरज नाही. बंगळुरूतल्या मराठी घरांत अशी माणसं आहेत आणि हा वादही आहे. फक्त या घरात त्याच्या बाजू नेहमीपेक्षा उलट्या पडल्या. फोन सोडायचा म्हणत होती ती भाची, आणि फोनची बाजू घेऊन बसले मामा.

“मी साधा फोन घेणार आहे,” ती म्हणाली. “बटणांचा. बोलायचं, मेसेज करायचा, संपलं.”

“आणि गेटवरची परवानगी कोण देणार?”

“हे देतील.”

“शाळेचा ग्रुप?”

“तोही हेच बघतील.”

“मग तुझा फोन कमी झाला कुठे? जावईबापूंचा वाढला.” मामांनी चहाचा कप खाली ठेवला. “आमच्या कचेरीत एक पोस्टमन रजेवर गेला की त्याची बीट बंद पडत नसे. शेजारच्या बीटवाल्याच्या पिशवीत ती पत्रं जायची. पत्रं तेवढीच, पाय फक्त दुसऱ्याचे.”

मुद्दा बिनतोड होता, आणि फोन सोडण्याविषयीच्या उत्साही लेखांत तो सहसा सापडत नाही. एखाद्याने फोन सोडला की त्याने काय मिळवलं हे सगळे सांगतात. त्याच्याकडे येणारे निरोप त्या काळात कुणी झेलले, हे विचारलं जात नाही. घरात बहुधा ती बायको असते, या घरात नवरा असता, एवढाच फरक.

भाची मात्र तयारीनिशी बसली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘पीएनएएस नेक्सस’ या नियतकालिकात आलेला एक प्रयोग तिने सांगितला. ४६७ जण. दोन आठवडे त्यांच्या फोनवरचं इंटरनेट बंद. बोलणं आणि साधे मेसेज चालू, संगणकावरचं इंटरनेटही चालू. फक्त खिशातलं इंटरनेट नाही. फोन पाहण्याचा वेळ दिवसाला सरासरी सव्वापाच तासांवरून पावणेतीन तासांच्या आसपास आला. मन:स्वास्थ्य, समाधान, एकाग्रता यांपैकी निदान एका बाबतीत तरी दहातल्या नऊ जणांना फरक पडला. मोकळा झालेला वेळ लोकांनी माणसांना प्रत्यक्ष भेटण्यात, व्यायामात, बाहेर झाडाझुडपांत घालवला.

“आणि पाळलं किती जणांनी?” मामांनी विचारलं.

ती क्षणभर थांबली. “नीट पाळलं साधारण पाव लोकांनी.”

“म्हणजे आपण होऊन प्रयोगात उतरलेली माणसं, दोन आठवड्यांचा प्रश्न, तरी चारातल्या तिघांना जमलं नाही. का जमलं नसेल?”

“सवय लागलेली असते, मामा. आणि ती मुद्दाम लावलेली असते. मला माहीत आहे, मी त्याच धंद्यात आहे.” मग तिने न संपणाऱ्या पानाची गोष्ट सांगितली. पूर्वी वेबवरचं पान खाली संपायचं आणि ‘पुढचं पान’ असं बटण यायचं. तिथे हात थांबायचा, वाचणारा घड्याळाकडे बघायचा. २००६ मध्ये आझा रास्किन या डिझायनरने ते बटणच काढून टाकलं; खाली सरकवत गेलं की नवीन मजकूर आपोआप येत राहतो. पुढे रास्किन यांनीच या शोधाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू होतो तो याच जातीचा. “थांबायची जागा काढून घेतली, की माणूस थांबत नाही. तुम्ही रात्री यूट्यूबवर भजन लावता. किती वाजता बंद करता?”

मामा गप्प बसले नाहीत, पण उत्तर सरळही आलं नाही. ते म्हणाले, “रात्री आठ वाजता आक्काशी बोलतो.” आक्का म्हणजे भाचीची आई, कोल्हापूरला असते. “तोंड दिसतं, ती काय जेवली कळतं, औषध घेतलं का ते विचारता येतं. तुझी मामी गेल्यापासून घरात दुसरा आवाज नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला पूर्वी रांगेत उभा राहायचो. आता फोनला चेहरा दाखवला की काम झालं. माझ्या वयाच्या माणसाला फोन सोड म्हणणं म्हणजे काय, ते तुम्हा तरण्या लोकांना कळायचं नाही.”

“आक्काशी बोलणं अर्धा तास. मी त्याच्यानंतरचं विचारतेय.”

“त्याच्यानंतर…” मामा म्हणाले, “झोप येईपर्यंत चालू असतं.”

“झोप येईपर्यंत, की चालू असतं म्हणून झोप येत नाही?”

इथे भाचीचं पारडं जड झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. कारण फोनचा वेळ एकजिनसी नसतो. आक्काशी बोलण्याचा अर्धा तास आणि नंतर आपोआप लागत गेलेले दोन तास फोनच्या हिशेबात एकाच बेरजेत येतात. २०१८ पासून अ‍ॅपल आणि गुगल दोघांनीही फोनमध्येच वापराचे तास दाखवायची सोय केली. रोजचा आकडा बघून लोक हळहळतात आणि दुसऱ्या दिवशी तोच आकडा पुन्हा येतो. त्या आकड्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे ज्याचं त्यानेच निवडून काढायला हवं.

बंगळुरूच्या निमहॅन्स या राष्ट्रीय संस्थेत डॉ. मनोजकुमार शर्मा यांनी २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक सुरू केलं. देशातलं हे या प्रकारचं पहिलं मानलं जातं. ‘शट क्लिनिक’ या नावाने ते ओळखलं जात असलं, तरी तिथलं उद्दिष्ट फोन कायमचा सोडवण्याचं नाही, त्याचा वापर निरोगी करण्याचं आहे. दारूच्या व्यसनात पूर्ण वर्जन हा मार्ग तरी असतो. फोन मात्र ज्याला सोडायचा आहे त्यालाच दुसऱ्या दिवशी ऑफिसात लॉगिन करायला तो लागतो.

मामांच्या सांगली जिल्ह्याचा विषय निघणार हे उघड होतं. तो भाचीने काढला.

“तुमच्याच तालुक्याच्या शेजारी झालंय की. मोहित्यांचं वडगाव. संध्याकाळी सात वाजता भोंगा, सगळ्यांचे फोन आणि टीव्ही बंद. इथे का नाही होणार?”

कडेगाव तालुक्यातल्या, तीन हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या गावाची बातमी २०२२ मध्ये जगभर गेली. करोनाच्या काळात मुलांच्या हातात अभ्यासासाठी फोन आले आणि शाळा सुरू झाल्या तरी ते हातातून सुटेनात, अशी पालकांची आणि शिक्षकांची तक्रार होती. सरपंच विजय मोहिते यांनी विषय गावापुढे मांडला. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने ठराव केला आणि भैरवनाथाच्या देवळावर भोंगा बसवला. सात वाजता एकदा वाजतो, साडेआठला पुन्हा. मधला दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. पुढे सांगली जिल्ह्यातल्याच अग्रण धुळगावानेही असाच भोंगा लावला. त्या गावाचं पाहून २०२४ च्या डिसेंबरात बेळगावजवळच्या हलग्याने संध्याकाळी सात ते नऊ अशी वेळ ठरवली. कर्नाटकाचं सुवर्ण विधानसौध या हलग्याच्याच शिवारालगत उभं आहे. सीमाभागात भाषेवरून ताणलेल्या गावांमध्ये ही एक गोष्ट अशी एका गावाकडून दुसऱ्याकडे सहज गेली, हे मुद्दाम नोंदवावंसं वाटतं.

“भोंग्याने फोन बंद होत नाहीत,” मामा म्हणाले. “तसं असतं तर कारखान्याच्या भोंग्याने अख्खा तालुका वेळेवर उठला असता. त्या गावात आधी अंगणवाडीच्या बाया, आशाताई, निवृत्त मास्तर घरोघर गेले. दार वाजवून सांगितलं. सुरुवातीला लोक हसले. मग शेजारच्या घरात टीव्ही बंद दिसायला लागला, तेव्हा आपला चालू ठेवायची लाज वाटायला लागली. आणि दुसरं, ते सगळं गाव एकाच वेळेला बंद करतं. सात ते साडेआठ कुणी कुणाची वाट बघत नाही, कारण सगळ्यांनाच ठाऊक आहे, आता उत्तर येणार नाही.”

हे बोलून मामांनी स्वत:च्याच आधीच्या भूमिकेला छेद दिला होता. भाचीने ते पकडलं. “म्हणजे एकटीने साधा फोन घेणं चूक आणि गावाने मिळून ठरवलं तर बरोबर?”

“होय. असंच म्हणतोय मी.”

“पण माझं गाव कुठलं, मामा? या टॉवरमधल्या शेजारणीचं नाव मला माहीत नाही. माझ्याकडून उत्तराची वाट बघणारी माणसं या सोसायटीत नाहीतच. एक टीम पुण्याला आहे, एक पोलंडमध्ये, बॉस अमेरिकेत. तिथे सकाळ होते तेव्हा माझा मुलगा जेवायला बसलेला असतो. भोंगा वाजवायचा तर कुठल्या देवळावर?”

संवादातला हा सगळ्यात खरा प्रश्न. वडगावात वाट पाहणारा आणि वाट पाहायला लावणारा एकाच ग्रामसभेत बसतात. व्हाइटफील्डमधल्या माणसाची ग्रामसभा कॅलेंडरच्या निमंत्रणांमध्ये विखुरलेली असते, आणि तिच्यात ठराव मांडायची हिंमत पगारावर असलेल्या माणसाला होत नाही. कायद्याने काही करता येईल का, याचा विचार आपल्याकडे झाला आहे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं: कामाची वेळ संपल्यावर आलेल्या फोनला, ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा. २०२५ च्या डिसेंबरात त्यांनी ते पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑगस्टपासून. आपल्या संसदेत १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, त्यामुळे सुळे यांच्या विधेयकाकडून फार आशा धरता येत नाही. तरीही ते मांडलं गेलं याचं मोल आहे. रात्री दहा वाजता उत्तर न देणं हा आळस नाही, तो हक्क असू शकतो, हे निदान लोकसभेच्या पटलावर लिहिलं गेलं.

फ्रान्सचा कायदा ऐकून मामा खूश झाले नाहीत. ते वेगळ्याच वाटेने गेले. “रात्री येणारं सगळंच निकडीचं असतं का?”

“नाही. दहातलं एकही नसतं.”

“मग ते निकडीचं असल्यासारखं का येतं?” आणि मग त्यांनी आपल्या कचेरीचं सांगितलं. सकाळी टपालाची थैली यायची. ती फोडायची, शिक्के मारायचे, बीटप्रमाणे लावायची, मग बटवडा. थैलीत प्रेमाचं पत्र असो की कोर्टाचा कागद, वेळ तीच. वाटेत कुणी पोस्टमनला अडवून विचारलं तरी उद्याचं पत्र आज मिळायचं नाही आणि लोकांना त्यात काही वावगंही वाटत नसे. पण तार आली की वेगळं. तार थैलीची वाट बघत नसे. ती उतरवून घेतली, कागद घडी घातला, की माणूस सायकल काढायचा, मग दुपार असो की रात्र. “तारेला पैसे शब्दांवर लागायचे. म्हणून माणूस तार करण्याआधी विचार करायचा. मोफत असती तर लोकांनी वाढदिवसाच्या शुभेच्छाही रोज तारेनेच पाठवल्या असत्या. तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तुमच्या फोनने काय केलं, तर पोस्टकार्ड बंद केलं आणि तार तेवढी ठेवली. आता भाजीवाल्याची सवलत, सोसायटीच्या पाण्याची टाकी, बॉसची शंका आणि आक्काचं दुखणं, सगळं तार होऊन येतं.”

भाची उठून बसली. कारण मामांनी न वाचता एक संशोधन सांगितलं होतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २३७ जणांच्या फोनवरच्या सूचना दोन आठवडे वेगवेगळ्या रीतीने पोचवल्या गेल्या. काहींना नेहमीसारख्या, काहींना तासातासाने एकगठ्ठा, काहींना दिवसातून तीनदा, आणि काहींना अजिबात नाही. तीनदा गठ्ठ्याने मिळालेल्यांना जास्त लक्ष लागलं, मन शांत वाटलं, फोन आपल्या ताब्यात आहे असं वाटलं. पण ज्यांच्या सूचना पूर्ण बंद केल्या होत्या, त्यांना बरं वाटण्याऐवजी अस्वस्थ वाटलं. काहीतरी चुकतंय, आपल्याला कळत नाहीये, ही धाकधूक वाढली.

“म्हणजे बटवडा ठेवायचा, कचेरी बंद करायची नाही,” मामा म्हणाले.

“आणि तारेसाठी वेगळी वाट.” ती आता स्वत:शीच बोलत होती. “आमच्याकडे ती आहे, मामा. आमच्या कंपनीत सर्व्हर बंद पडला तर कुणाला उठवायचं ते ठरलेलं असतं. त्या आठवड्याला एक जण ऑन-कॉल. त्याचाच फोन वाजतो, बाकी सगळे झोपतात. पाळी बदलत राहते. यंत्रासाठी आम्ही तार आणि टपाल वेगळं ठेवलंय. माणसांसाठी नाही ठेवलं. कुणाला तरी रात्री पावणेअकराला स्लाइडमधला रंग बदलावासा वाटतो आणि आठ जणांच्या खिशात घंटा वाजते.”

या लेखाला जे म्हणायचं आहे ते या जागेपाशी आहे. फोन कमी करण्याचं काम स्वत:च्या इच्छाशक्तीचं समजून माणसं घेतात, चार दिवसांत हरतात आणि स्वत:ला दोष देतात. प्रत्यक्षात ते ठरवून घेण्याचं काम आहे. कोण आपली वाट पाहतं, किती वेळ पाहू शकतं, आणि खरोखर निकड असेल तर त्याने कुठल्या वाटेने यायचं, हे ज्याच्या त्याच्याशी बोलून घ्यावं लागतं. फोनमध्ये त्यासाठीची साधनं आधीपासून आहेत. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असताना निवडक माणसांचे फोन वाजू देता येतात. एकाच नंबरावरून लागोपाठ दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू द्यायचीही सोय आहे. पण दोनदा लावला तर वाजतो, हे समोरच्याला सांगितलेलं नसेल तर त्या सोयीचा उपयोग नाही.

आणि ज्याला हे ठरवून घेताच येत नाही, त्याचं काय? तेवढ्यात वर आलेल्या पार्सलमुळे हा प्रश्न आपोआप निघाला. दारात उभ्या मुलाने पाकीट दिलं, फोनवर बोट टेकवलं आणि लिफ्ट पकडायला धावला. मामा दार लावून आले. “याला सांग बघू डू नॉट डिस्टर्ब.”

त्या मुलासाठी फोन म्हणजे कामाची जागा, हजेरीपट आणि मुकादम, तिन्ही. तो बाजूला ठेवला तर त्या दिवसाची कमाई गेली. कर्नाटकाने २०२५ मध्ये अशा गिग कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी स्वतंत्र कायदा केला. कामावरून काढायचं तर आधी नोटीस द्यावी लागेल, अशा तरतुदी त्यात आहेत. पण घंटा वाजली की किती सेकंदांत ऑर्डर घ्यायची, हे अजून पलीकडचं अ‍ॅपच ठरवतं. फोन कमी वापरणं ही ज्यांना परवडणारी गोष्ट आहे, त्यांनी निदान आपल्याकडून दुसऱ्याच्या खिशात वाजणारी घंटा कमी करावी. जिरं संपलं म्हणून दहा मिनिटांत मागवलेली पुडी म्हणजे कुणालातरी पाठवलेली तारच असते. भाचीने त्या दिवशी मागवलेली वस्तूही दुसऱ्या दिवशी चालण्यासारखी होती. तिने ते स्वत:हून म्हटलं, मामांनी पुढे वाढवलं नाही.

एका मुद्द्यावर मात्र भाची हटली नाही. “तुम्ही म्हणता फोन राहू दे, वापर सांभाळ. पण उद्या फोनशिवाय काही करताच आलं नाही तर सांभाळणार कसं? तुम्ही काल स्टेशनावरून आलात, मेट्रोचं टोकन घेतलंत. खिडकी होती म्हणून.”

मामा मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने आले होते. बंगळुरूला उतरल्यावर रेल्वे स्थानकाला लागूनच जांभळ्या मार्गाचं मेट्रो स्थानक आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बैयप्पनहळ्ळी ते कृष्णराजपुरम हा राहिलेला तुकडा सुरू झाल्यापासून तिथून काडुगोडीपर्यंत एकाच गाडीत बसून येता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तिकीट मिळतं, पण टोकन आणि कार्डही आहे. फोन न काढता पंचवीस-तीस किलोमीटरचा प्रवास होऊ शकतो, ही आजच्या शहरात लहान गोष्ट नाही. पैशांच्या बाबतीतही असंच. २०२५ च्या जुलैत कर्नाटकाच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या, तेव्हा बंगळुरूभर चहाच्या टपऱ्यांवर आणि बेकऱ्यांमध्ये ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. कारण वेगळं होतं, करांचं होतं. पण त्या आठवड्यांत कित्येकांना पाकिटात नोटा ठेवाव्या लागल्या, आणि शहर बंद पडलं नाही. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू केलं आहे, साध्या बटणांच्या फोनवरून चालणारं. पण सोसायटीच्या गेटवर, शाळेत, दवाखान्याच्या नोंदणीत अशी दुसरी वाट ठेवायची, हे कुणाच्या कर्तव्यात लिहिलेलं नाही.

“ते लिहून घ्यायला हवं,” भाची म्हणाली. “खिडकी बंद झाली की माझ्या निश्चयाला काही अर्थ राहत नाही.”

“सोसायटीच्या सभेत मांड.”

“सभेला येतं कोण?”

“वडगावात पण सुरुवातीला हसलेच होते,” मामा म्हणाले.

मुलाबद्दल दोघांचं फारसं भांडण झालं नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नको, पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासापेक्षा जास्त नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. हा मुलगा त्याच्या पुढे गेला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचाच ठराव केला होता, हे भाचीने काढलं आणि मामांनी तो लगेच मोडीत काढला. मोठ्यांना मोकळीक आणि पोरांना बंदी, हे पोरं मानत नाहीत. वडगावचं त्यांना पटलं होतं ते तिथे बापाचाही टीव्ही बंद होतो म्हणून.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एक कागद आला. एका बाजूला ‘तार’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला ‘टपाल’. तारेच्या बाजूला आक्का, शाळेचा मुख्य नंबर, नवरा आणि ऑन-कॉलची पाळी असेल तेव्हा ऑफिसची ती एक घंटा. बाकी सगळं टपालात, दिवसातून तीन बटवडे: सकाळी साडेनऊ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. गेटची परवानगी कुठे घालायची यावर अडलं. नवऱ्याचं म्हणणं, पार्सलं रखवालदाराकडे ठेवायची कायमची सूचना देऊन टाकावी. भाचीचं म्हणणं, मग रात्री खाली जाऊन आणायची कुणी. मामांनी आपलं नाव स्वत:च कागदावर घातलं, तारेच्या बाजूला. आणि खाली एक ओळ जोडली: यूट्यूबवरचं आपोआप लागणं बंद करून द्यावं. ते कसं करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. नातवाने दोन मिनिटांत करून दिलं.

मग भाचीने टीमसाठी मेसेज लिहायला घेतला. संध्याकाळी साडेसातनंतर मी ग्रुप बघणार नाही, खरोखर अडलं तर फोन करा, दोनदा लावा, मी उचलीन. शेवटी तिने ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असं घातलं होतं. मामांनी चष्मा लावून वाचलं आणि ती ओळ काढायला सांगितली. बटवड्याच्या वेळेबद्दल टपाल खात्याने कधी कुणाची माफी मागितली नव्हती, दारावर वेळापत्रक लावलं होतं. ती म्हणाली, माझा बॉस तुमच्या गावचा नाही. नवरा म्हणाला, ओळ राहू दे, पण मेसेज आज रात्री पाठवू नकोस, उद्या साडेनऊला पाठव, नाहीतर तोच आठ जणांच्या खिशात वाजेल.